चोपन्न किलो वाळू

आमच्या रस्त्यावर ‘मिलिमीटर’ म्हटलं की मोजपट्टी कुणालाच आठवत नाही. आठवतो तो माझ्या शेजारच्या दुकानाचा मालक. गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून देणारा. चाकांच्या कोनात दोन मिलिमीटरचा फरक राहिला तर या माणसाला जेवण जात नाही, म्हणून हे नाव पडलं आणि ते त्यांना शोभतं.

मी सीटकव्हरं शिवते. सव्वीस वर्षं आमची मधली भिंत एक आहे, आणि दोन्ही दुकानांपुढची लांब दगडी पायरीही एकच. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा मला आठवत नाही.

गिऱ्हाईक दारात आलं की भाऊ आधी त्याच्या टायरकडे बघतात, मग वेळ उरला तर तोंडाकडे. टायरवरून तळहात फिरवायचा आणि निकाल द्यायचा. एकाला म्हणाले, “तुम्ही रोज घरातून उशिरा निघता.” एका बाईंना म्हणाले, “तुमच्या मिस्टरांना गाडी देऊ नका, ते फुटपाथला घासून लावतात.” मिस्टर बाजूलाच उभे होते. “टायर कधी खोटं बोलत नाही, ताई,” असं ते मला ऐकवायचे. त्याला तोंडच नाही तर खोटं बोलणार कुठून, असं मी म्हणायचे.

भाऊंना एकच मुलगी. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणायचे. खाण तशी माती. शाळा सुटली की ती दप्तर माझ्या रेक्झिनच्या गठ्ठ्यावर फेकायची आणि बापाच्या दुकानात टायरच्या चवडीवर जाऊन बसायची. बारा वर्षांची असताना एकटीने चाक काढून परत बसवलं होतं. त्या दिवशी भाऊ सहज आल्यासारखं दाखवत मला तीनदा सांगून गेले.

शिकून नोकरीला लागली आणि दोन वर्षांत स्वतःच्या कमाईतून एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आली. पुढे दोन सीट, मागे दोन नावापुरत्या. भाऊंनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “बरी आहे.” भाऊंचं ‘बरी’ म्हणजे बाकीच्यांचं ‘वा, क्या बात है’.

मग ठिणगीच्या मनाने घेतलं की गाडी खाली घ्यायची. गाडी कशी जमिनीला बिलगून चालली पाहिजे, चाकं रुंद हवीत, टायर आणि मडगार्डमध्ये बोट शिरता कामा नये. आणि हे सगळं तिला बापाच्या हातून करून हवं होतं. ते भाऊंना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी वळू दिलं नाही. “मी गाड्या सरळ करतो, वाकड्या करत नाही,” एवढंच म्हणाले. दोन महिने ती मागे लागली. शेवटी एक दिवस कुठल्याशा गॅरेजात जाऊन स्प्रिंग कापून घेऊन आली.

गाडी देखणी दिसत होती, मी खोटं का बोलू? पण आमच्या दुकानांपुढच्या गतिरोधकावर चढली आणि मागून आवाज आला, खर्रर्र! टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासला. भाऊंच्या दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं बसली होती. त्या चौघांसमोर भाऊ म्हणाले, “ही गाडी माझ्या रॅम्पवर चढणार नाही.”

“मग मीही तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही,” ठिणगी म्हणाली.

शब्दाने शब्द वाढतो तो असा. एका हाताने टाळी वाजत नाही हे मला कळतं, पण त्या दिवशी पहिला हात बापाचा होता. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या दीड महिन्यात ती गाडी चार वेळा माझ्या दारात उभी राहिली. ठिणगी माझ्याकडे यायची, गाडीत बसूनच बोलायची, पायरीला पाय लावायची नाही. भाऊ आपल्या दारात उभे राहून टायरकडे बघायचे. उभे राहून. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. खाली घेतलेल्या गाडीची चाकं वरून आत झुकतात. टायर बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतल्या कडेने संपत जातो. ती कड बघायची तर जमिनीवर गुडघे टेकावे लागतात आणि मान वाकडी करून आत हात घालावा लागतो. परक्या गाड्यांसाठी भाऊ दिवसातून तीस वेळा तसे वाकायचे. या गाडीसाठी वाकले नाहीत.

एका दुपारी हमरस्त्यावर मागचा टायर फुटला. गाडी दोन गिरक्या घेऊन दुभाजकाला टेकली. ठिणगीला साधं खरचटलंही नाही, हे सगळ्यांचं नशीब. गाडी ओढून आणणाऱ्याला भाऊ माहीत होते, म्हणून त्याने ती सरळ त्यांच्या दारात आणून सोडली. भाऊंनी चाक काढलं. आतल्या कडेचं रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या आणि त्या तारांना मडगार्डचा लाल रंग लागला होता.

त्या दिवशी त्यांनी दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. टायर मांडीवर घेऊन बसून होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “चार वेळा समोर होता, ताई. मी वाकून बघितलं नाही.” माझ्या जिभेवर ‘दिव्याखाली अंधार’ आलं होतं, पण ते तोंड बघून गिळलं.

ठिणगीची परदेशातली नोकरी आधीच ठरत आली होती. महिन्याभरात गेली. किल्ली आईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, विकून टाका. निरोप द्यायला भाऊ गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी अकरा गाड्या केल्या आणि अकराव्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसले.

पुढचं सगळं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. ज्या गाडीला रॅम्पवर चढू देणार नव्हते, तिच्यासाठी दुकानाची मागची बाजू रिकामी केली. विकायची तर सोडाच, तिला परत उंच करण्याचाही विचार नाही. तिला जशी खाली हवी होती तशीच, पण न घासणारी करायची. कापलेल्या स्प्रिंगा फेकल्या. उंची बारीक बारीक कमीजास्त करता येते असे शॉक अब्सॉर्बर मागवले. मग घासतं कुठे ते शोधायला माझ्याकडे आले आणि माझा शिंप्याचा खडू मागितला. मडगार्डच्या आत सगळीकडे खडू फासायचा, गतिरोधकावरून गाडी न्यायची, आणि टायरने कुठला खडू उचलला ते बघायचं. जिथला पुसला गेला तिथे घासतं. गरम हवेने रंग मऊ करून त्यांनी ती कड रोलरने आत दाबली, रोज थोडी थोडी, रंगाला तडा जाऊ न देता. माझे चार डबे खडू संपले.

“अहो, एक फोन करा तिला,” मी म्हणायचे. “एवढ्या खडूत दहा पत्रं लिहून झाली असती.”

“काय सांगू फोनवर? गाडी घासत नाही म्हणून?”

“चुकलं म्हणून सांगा.”

“ते समोर सांगायचं असतं,” म्हणायचे आणि कॉम्प्रेसर सुरू करायचे. त्या धडधडाटात मी काय बोलणार? त्यांना तेच हवं असायचं.

मग एक दिवस आले ते माप घेऊनच. म्हणाले, “ताई, एक पोतं शिवून द्या. जाड रेक्झिनचं. वाळू भरायची आहे, चोपन्न किलो.”

स्पोर्ट्स कारचं अलाइनमेंट बारकाईने करायचं असेल तर चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस बसला की गाडी त्या बाजूला किंचित दबते आणि चाकांचे कोन बदलतात. जाताना ठिणगीचं वजन चोपन्न होतं.

“तुम्हीच बसा की,” मी म्हटलं.

“मी बहात्तर.”

“मग? एवढ्याने असा काय फरक पडतो?”

“दोन मिलिमीटर,” भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने कात्री उचलली.

मी चेन लावून देते म्हटलं, तर नको. चेनमधून बारीक वाळू गळते, वजन खोटं होतं. म्हणून टाके. पोतं गाडीत चालकाच्या सीटवर बसवलं, आणि मी शेजारच्या सीटवर बसून वाकड्या सुईने त्याचं तोंड शिवलं. काम झालं की दोऱ्याने एखादी खूण टिपून ठेवायची मला खोड आहे. मी शिवणीशेजारी ५४ टिपलं. महिन्यातून एकदा भाऊ ते पोतं शेजारच्या सीटवर सरकवायचे, स्वतः गाडी चालवायचे आणि दोन गतिरोधकांवरून एक फेरी मारून यायचे. पोत्याला सीटचा पट्टा लावायचे, कारण पट्टा नसला की गाडी केकाटते. पट्टा बांधलेल्या पोत्याशेजारी बसून ते गंभीर चेहऱ्याने रस्त्यावरून जाताना बघून आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. घासल्याचा आवाज यायचा नाही. तरी भाऊंचं समाधान नाही. “ती बसेल तेव्हा खरं,” म्हणायचे.

तीन महिन्यांनी परत आले. “ताई, दोन किलो काढायचे आहेत.”

“का?”

“पोरगी वाळली आहे.”

तेव्हा मला वहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची, गंमत कळली. ठिणगीचा फोन दर रविवारी आईला यायचा. बापाचं नाव दोघींपैकी कुणी काढायचं नाही. पण भाऊ पलीकडच्या खोलीत पेपर उघडून बसलेले असायचे, तासभर एकच पान. वहिनींना ते माहीत होतं. म्हणून त्या दर वेळी मोठ्याने विचारायच्या, “आणि वजन किती गं आता?” पोरगी वैतागायची. आई, तुला दुसरं काही सुचत नाही का? वहिनी म्हणायच्या, आईला वजनच सुचतं. बापाला पोरीची खुशाली कळायची ती अशी, किलोंमध्ये.

सहा वर्षं हे चाललं. ५२, ५५, ५३. मी टाके उसवायचे, भाऊ तराजूवर वाळू मोजून घालायचे किंवा काढायचे, मी परत शिवायचे. हाताला लागेल तो दोरा, त्यामुळे ते पोतं रंगीबेरंगी झालं होतं. मधे तिने तिकडेच कचेरीत सह्या करून लग्न केलं. आईला फोनवर कळलं, बापाला भिंतीतून. दुसऱ्या दिवशी भाऊ आले आणि म्हणाले, “छपन्न करा. सुखात दिसते.” मी शिवत होते आणि ते पाठ करून उभे होते. डोळे पुसत होते हे मला पाठीवरूनही कळलं.

मग मागच्या वर्षी वजन वाढायला लागलं. ५८, ६१, ६३. भाऊ काळजीत. “तिकडचं खाणं बाधतंय तिला,” म्हणायचे, आणि चालकाच्या बाजूचा शॉक एक आटा वर घ्यायचे. सहासष्टला मी सुई खाली ठेवली.

“भाऊ, तुम्ही टायरवरून माणसाचं घराणं सांगता. पाच महिन्यांत दहा किलो! हे खाण्याचं वजन आहे का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. मग त्या टायरच्या चवडीवर, जिथे ती शाळा सुटल्यावर बसायची, तिथे जाऊन बसले. वहिनींनी नंतर मला सांगितलं, “तिने सांगितलं होतं, बाबांना बोलू नकोस, मी आल्यावर सांगेन. मी शब्द मोडला नाही हो. वजन तेवढं विचारत राहिले.”

बाळ अकरा महिन्यांचं झालं तेव्हा ठिणगी आली, पंधरा दिवसांसाठी. घरी पोचल्या संध्याकाळी बापलेक जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले आणि प्रवास कसा झाला, ठीक झाला, यापलीकडे गाडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आणि बाळाला घेऊन ती आमच्या रस्त्यावर आली. पायरी चढली, पण माझ्या बाजूने. शब्दाची पक्की, मेली! मला मिठी मारली, बाळ माझ्या हातात दिलं. आणि मग दगडावरूनच चार पावलं चालत पलीकडे गेली. भाऊ हात पुसत बाहेर येत होते. येताना नट पिळायचा पाना त्यांच्या हातातून पडला. तो उचलायचंही त्यांना भान राहिलं नाही.

ती थेट मागे गाडीपाशी गेली. लाल रंग चकाकत होता. तिने वाकून मडगार्डमध्ये बोट घालून बघितलं. शिरलं नाही. मग दार उघडलं आणि थांबली.

“माझ्या जागेवर हे काय बसलंय?”

“तू,” भाऊ म्हणाले.

तिने पोत्यावर हात ठेवला. शिवणीशेजारचे आकडे एकेक करून वाचू लागली, हिरव्या दोऱ्यातले, काळ्या, पिवळ्या. सहासष्टवर तिचं बोट थांबलं. तिने वळून आईकडे बघितलं. “म्हणून तू दर रविवारी वजन विचारायचीस?”

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मग काय मला हौस होती?”

ठिणगी रडायला लागली. उभ्या उभ्या, लहानपणी रडायची तशी, नाक वर ओढत. भाऊंना काय करावं सुचेना. शेवटी म्हणाले, “आता किती आहे?”

“अठ्ठावन्न.”

“पोत्यात सत्तावन्न आहेत,” भाऊ म्हणाले, आणि खरंच त्यांच्या कपाळावर आठी आली. त्या रडण्यातच ती हसली.

भाऊंनी पोतं बाहेर काढलं आणि ती बसली. पहिली फेरी एकटीने मारली. दोन्ही गतिरोधक पार, आवाज नाही. भाऊ पायरीवर श्वास धरून उभे होते. गाडी परत आली तेव्हा ती म्हणाली, “आता सगळे बसा.” भाऊ पुढे, वहिनी आणि बाळ मागच्या नावापुरत्या सीटवर, कोंबून. मी दारात उभी होते. गाडी वळली, परत आली, आमच्या समोरच्या गतिरोधकावर चढली, आणि मागून आवाज आला. खर्रर्र!

तोच आवाज. गाडी जागच्या जागी थांबली. सहा वर्षांत मागच्या सीटवर कधी कुणी बसलंच नव्हतं. एवढा मिलिमीटर मोजणारा माणूस, पण पोरगी एकटी गेली म्हणून परत येईल तीही एकटीच, असं धरून त्याने मागचा हिशेबच केला नव्हता.

भाऊ खाली उतरले. भर रस्त्यात, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना, त्यांनी मागच्या चाकापाशी दोन्ही गुडघे टेकले. मान वाकडी केली आणि हात आत घातला. ठिणगी उतरून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. चाकाकडे तोंड करूनच म्हणाले, “त्या वेळी असं वाकून बघायला हवं होतं मी. तुला काही झालं असतं तर? चुकलो मी, बाळा.”

“बाबा, उठा आधी. लोक बघताहेत.”

“बघू देत.”

ती त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसली आणि तिनेही हात आत घातला. “इथे लागतंय,” म्हणाली. “किती उचलायचं?”

“वीस मिलिमीटर. पण मग ती दिसणार नाही तुला हवी तशी.”

“उचला. सगळ्यांना बसता आलं पाहिजे.”

दुपारी दोघांनी मिळून गाडी उचलली. मला तर ती तशीच देखणी दिसली. मग पंधरा दिवस ती लाल गाडी सारखी दारातून जात-येत होती, भरलेली. पंधरा दिवस म्हणजे किती? रविवार दोनच आले. या वेळी भाऊ निरोप द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं आणि मागच्या बाजूला जाऊन रिकाम्या गाडीत बसून राहिले. मी भिंत वाजवली, त्यांनी भांडण काढलं नाही. तेव्हा मला त्यांची फार दया आली, आणि माझी स्वतःचीही. पोरगी माझ्याही गठ्ठ्यावर दप्तर टाकून मोठी झाली होती.

रविवारी फोन भाऊंनी उचलला. वहिनी सांगत होत्या, कसे आहात नाही, काय चाललंय नाही, पहिलं वाक्य ‘वजन किती भरलं?’ पण या वेळी ते तिचं विचारत नव्हते.

सोमवारी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात रेक्झिनचा उरलेला तुकडा होता, त्यांच्या दुकानात पडलेला, जेमतेम उशीएवढा.

“ताई, अजून एक पोतं हवं. मागच्या सीटसाठी. साडेनऊ किलो.” मी मशिनवर दोरा बदलायला लागले, तसे ते पुढे म्हणाले, “शिवण कच्चीच घाला. हे वजन आता वाढतच जाणार, दर महिन्याला उसवावं लागेल.”